उणेकर

सोसायटीच्या फलकावर त्याचं आडनाव वेगळं आहे, पण ते आता फक्त कुरिअरवाले आणि महावितरण वापरतात. बी विंगमध्ये तो उणेकर. ‘काय, कसं काय?’ असं विचारलं की इतर माणसं ‘मजेत’ म्हणतात, हा आकडा सांगतो, आणि तो आकडा नेहमी उणे असतो. ‘उणे ८५. परवापासून स्थिर आहे.’ तळमजल्यावर नव्याने राहायला आलेल्या काकांना पहिल्या भेटीत वाटलं, हा शेअर बाजाराबद्दल बोलतोय. त्यांनी त्याचा खांदा थोपटला आणि ‘येतं हो परत वर’ असा धीर दिला. ‘वर?’ उणेकर दचकून म्हणाला. ‘वर कशाला?’

हे उणे असतं मिलीव्होल्टमध्ये. लॅपटॉपच्या प्रोसेसरला कंपनीने जेवढं व्होल्टेज नेमून दिलेलं असतं, त्यातून थोडंथोडं काढून घ्यायचं आणि तरी तो पूर्वीसारखाच चालतोय का ते बघायचं, हा उणेकरचा छंद. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. याच्या उलट उद्योग करणारी एक जमात आहे, ओव्हरक्लॉकिंगवाल्यांची. ती माणसं व्होल्टेज चढवतात, प्रोसेसरवर द्रवरूप नायट्रोजन ओततात, विक्रम करतात आणि फोटो काढून घेतात. उणेकरच्या मते हा निव्वळ उधळेपणा. त्याच्या घराण्यात कोणी कशात भर घातल्याची नोंद नाही. आजोबा पोस्टकार्डावर पत्त्याच्या बाजूलाही मजकूर लिहीत, वडील साबणाचा उरलेला पापुद्रा नव्या वडीला चिकटवत. हा इंजिनिअर झाला, म्हणून मिलीव्होल्ट.

त्याची तात्त्विक बैठक तो विचारलं नाही तरी सांगतो. ‘ताप व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. वर्गाने, हं! एका व्होल्टाचे ०.९ केलेस, तर ताप किती राहिला? नव्वद टक्के? चूक. ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ८१. दहा सोडले, एकोणीस वाचले. असा व्यवहार दुसऱ्या कुठल्या बँकेत होतो?’ (गळतीच्या प्रवाहाचा हिशेब वेगळा असतो, पण तिथपर्यंत गेलं की माणसं उठून जातात, हे त्याला अनुभवाने कळलंय.)

यानंतर तो थांबतो. ‘मग कंपनी मुळातच कमी का देत नाही?’ असं समोरच्याने विचारावं, यासाठी हा थांबा असतो. कोणी नाहीच विचारलं, तर तो स्वतः विचारतो. उत्तर असं की कारखान्यातून एकाच नावाच्या लाखो चिपा निघतात, पण त्यांचा स्वभाव सारखा नसतो. एखादी थोडक्यात भागवते, एखादीला भरपूर लागतं. या जुगाराला जगभर सिलिकॉन लॉटरी म्हणतात. प्रत्येक चिपला कारखान्यातच तिचा व्होल्टेजचा तक्ता मिळतो, पण त्यावर पुन्हा ‘असू द्या’ म्हणून काही जास्त धरलेलं असतं. चिप म्हातारी होईल, उन्हाळा कडक निघेल, एकदम भार आला तर व्होल्टेज क्षणभर खाली झुकेल, तेव्हा असू द्या. ‘लग्नातला आचारी दीडशे पानं सांगितली की दोनशेंचा भात टाकतो,’ उणेकर पुढे वाकून म्हणतो. ‘तो वरचा पन्नास पानांचा भात कुणाचा? पैसे कुणी भरले?’

त्याचा खरा राग या ‘असू द्या’वर आहे. लॅपटॉप तापतो, पंखा घोंघावतो, मांडी भाजते, ही सगळी निमित्तं. आपल्याला न विचारता कुणीतरी आपल्या नावावर थोडं जास्त मांडून ठेवलंय, ही गोष्ट त्याला झोपू देत नाही.

त्याचा लॅपटॉप पातळ अंगाचा. आत २०१७ सालचा आय-फाइव्ह ८२५०यू. चार कोअर, नाव १५ वॉटचं, सावकाश चालला तर १.६ गिगाहर्ट्‌झ आणि अंगात आलं तर ३.४. पडद्यावर कायम काळ्या खिडक्या उघडलेल्या. एकीत तापमान, एकीत वेग, एकीत वॉट, आणि एस-टुई नावाच्या प्रोग्रामचा हिरवा आलेख सरकत असलेला. या यंत्रावर उणेकर काम काय करतो, असा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. ऑफिसचं काम तो ऑफिसच्या लॅपटॉपवर करतो. तो विंडोजवाला, कंपनीने कुलूप घातलेला, आणि हिंजवडीत दिवसभर ८०-९० अंशांवर रटरटत असतो. त्याच्याबद्दल उणेकरला काही वाटत नाही. घरचा लिनक्सवाला लॅपटॉप एवढंच काम करतो, की आपण काहीच काम करत नसताना किती थंड आहोत ते मोजून दाखवायचं.

लिनक्सच का, हेही सांगायला हवं. विंडोजवर थ्रॉटलस्टॉप नावाचा प्रोग्राम आहे. माउसने पट्टी डावीकडे ओढली की व्होल्टेज उतरतं. उणेकरला ते माहीत आहे, आणि ज्या गोष्टीला माउस पुरतो ती करण्यात त्याला राम वाटत नाही. लिनक्समध्ये आधी एमएसआर नावाचं मॉड्यूल चढवायचं, मग प्रोसेसरच्या पोटातल्या सोळाअंकी पद्धतीतल्या १५० क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये नेमके बिट लिहायचे. हॅसवेल चिपा आल्या २०१३ मध्ये, तेव्हापासूनची ही वाट. त्याआधी, पेंटियम एमच्या काळात, पीएचसी नावाचा पॅच घालून कर्नल नव्याने कम्पाइल करावा लागे; ते दिवस आठवले की उणेकरचा आवाज भरून येतो. आता बिट लिहिण्याचं काम इंटेल-अंडरव्होल्ट नावाचं साधन करतं. त्याच्या फाइलमध्ये पाच ओळी असतात: सीपीयू, जीपीयू, सीपीयू कॅश, सिस्टिम एजंट आणि ॲनालॉग आयओ. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत आकडा सारखा ठेवायचा, दुसरीत जरा जपून, आणि शेवटच्या दोघांच्या वाटेला जायचं नाही. घरातल्या इतर कुठल्या नियमाशी उणेकर इतका प्रामाणिक असल्याचं वहिनींना आठवत नाही.

एकदा त्याने मला मध्यरात्री फोन केला. ‘मी १०० मागितले. त्याने ९९.६१ दिले.’

‘कोणी?’

‘रजिस्टरने. तो व्होल्टाचे १,०२४ भाग करून मोजतो. त्यातले १०२ भाग म्हणजे ९९.६१. कळलं का? ३९ शतांश मिलीव्होल्ट वर राहिलेच!’

मी म्हटलं, असू दे. त्यानंतर तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

पद्धत अशी. दहा मिलीव्होल्ट काढायचे, छळ करायचा. टिकला तर आणखी दहा काढायचे, पुन्हा छळ. छळासाठी एमप्राइम नावाचा प्रोग्राम असतो. हा मूळचा मर्सेन अविभाज्य संख्या शोधणाऱ्यांचा. मर्सेन हा सतराव्या शतकातला फ्रेंच धर्मगुरू, आणि त्याच्या संख्या म्हणजे दोनाचा कुठला तरी घात उणे एक. त्यातही उणे आहे, यात उणेकरला काही दैवी संकेत दिसतो. १९९६ पासून जगभरची हौशी मंडळी आपापले संगणक जुंपून या संख्या हुडकतायत; २०२४ मध्ये सापडलेलीत ४ कोटींहून जास्त अंक आहेत. उणेकरला संख्या नको, फक्त त्या शोधाचा घाम हवा. प्रोग्रामच्या छळाच्या भागात ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत अशी गणितं प्रोसेसरकडून पुन्हापुन्हा करून घेतात, आणि एक जरी चुकलं तरी प्रोसेसर नापास. ‘हे तर मी रोज करते,’ वहिनी म्हणाल्या. त्या शाळेत गणित शिकवतात.

आणि मग एका आकड्यावर सगळं गोठतं. माउस हलत नाही, पंखा एकाच सुरात अडकतो, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकू लागतो. अशा वेळी तुमच्याआमच्या तोंडून शिवी जाते. उणेकर उठून उभा राहतो आणि म्हणतो, ‘सापडली!’ हद्द सापडली. इथवर चिप निमूट सोसत होती, इथून पुढे नाही. तो आकडा वहीत लिहितो, तारीख घालतो, दहा मिलीव्होल्ट परत देतो आणि चहा मागतो. ते दहा परत देताना त्याच्या चेहऱ्यावर जे दुःख असतं, ते मी फक्त भाडेकरूला डिपॉझिट परत करणाऱ्या घरमालकांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे.

पण चिप लबाड असते. मर्सेनच्या छळात रात्रभर न डगमगलेली चिप दुसऱ्या दिवशी उणेकरच्या आई कीर्तन ऐकत असताना, बुवा उत्तररंगात शिरता शिरता बंद पडली. उणेकरकडे याचंही स्पष्टीकरण आहे, आणि ते खरं आहे. पूर्ण भाराखाली चारही कोअर मध्यम वेगाने चालतात. हलकं काम असलं की एखादाच कोअर झोपेतून उठून एकदम वरच्या वेगावर उडी मारतो, आणि नेमक्या त्या उडीला व्होल्टेज कमी पडतं. ‘म्हणजे आई, कामाने नाही मरत तो, आळसाने मरतो,’ त्याने समजावलं. आईंनी ते वाक्य नातवासाठी ठेवून घेतलं आणि कीर्तनासाठी रेडिओ लावला. वहिनी तोवर प्रश्नपत्रिका फोनवर तयार करायला लागल्याच होत्या. त्याआधी आठवीच्या समीकरणांच्या मधोमध लॅपटॉपचा पडदा गोठल्यावर ‘अहो’ अशी जी हाक त्यांनी मारली, ती ए विंगपर्यंत गेली. उणेकर धावत आला आणि आधी विचारलं काय, तर, ‘किती अंशांवर होता?’

आत्मविश्वास वाढल्यावर त्याने उणे ११० हा आकडा लॅपटॉप सुरू होतानाच आपोआप लागू होईल अशी सोय केली. जाणकार सांगतात की आकडा काही दिवस मुरू द्यावा, मग ही सोय करावी. लॅपटॉप सुरू झाला, आकडा लागू झाला, गोठला. बंद केला, सुरू केला, लागू झाला, गोठला. हा फेरा तोडायला पेन ड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चढवून ती सोय काढावी लागते, आणि पेन ड्राइव्ह बनवायला दुसरा चालू संगणक लागतो. रात्री दोनला माझ्या दारावर टकटक झाली. माझा लॅपटॉप घेऊन तो जिना उतरू लागला, मध्येच थांबला, त्याच्या पोटाखाली तळहात लावून म्हणाला, ‘हा बराच तापतो रे तुझा.’ मी ‘नाही’ एवढंच म्हणालो आणि पेन ड्राइव्ह तयार होईपर्यंत त्याच्या शेजारी जागा राहिलो. त्या माणसाला चालू लॅपटॉपजवळ एकटं सोडू नये.

आता गंमत ऐका. शेवटी उणे ९० स्थिरावले. मोठ्या अपेक्षेने त्याने पूर्ण भार दिला, आणि तापमान होतं तिथेच. पंखाही पूर्वीइतकाच ओरडत होता. झालं होतं असं की चिपला १५ वॉटची मर्यादा असते. त्या मर्यादेत मावेल तेवढी ती पळते. व्होल्टेज कमी झाल्यावर वॉट वाचले, ते वाचलेले वॉट तिने लगेच वेगावर उडवले आणि पुन्हा १५ च्या १५ वर येऊन बसली. इतर माणसं यासाठी पेढे वाटतील, फुकटात वेग मिळाला म्हणून. उणेकर सुन्न बसून होता. आपण पोटाला चिमटा घेऊन शिल्लक टाकावी आणि घरच्याच कोणी ती हॉटेलात घालवावी! ‘लेकावर गेलीये,’ वहिनी म्हणाल्या. त्या रात्री त्याने चिपची मर्यादाच १० वॉटवर आणून ठेवली.

अशी माणसं एका यंत्रापुरती राहत नाहीत. कोथरूडहून पुणे स्टेशनला जाऊन सव्वासातची डेक्कन क्वीन पकडायची, तर शहाणा माणूस सहाला घर सोडतो. उणेकरला या सहामध्ये ‘असू द्या’ दिसला. पुढच्या वेळी ते सहा पाचला निघाले, मग सहा दहाला, आणि गाडी प्रत्येक वेळी मिळाली. चेहरा उजळत गेला. शेवटी एका सकाळी दोघं फलाटावर पोचले तेव्हा गाडीचा शेवटचा डबा वळणावर दिसेनासा होत होता. वहिनींच्या हातात दोन पिशव्या, त्यांच्या मावसबहिणीच्या मुलीचं मुंबईला लग्न. ‘सापडली!’ उणेकर म्हणाला. ‘आता पुढच्या वेळेपासून पाच मिनिटं आधी निघायचं. कायमचा प्रश्न मिटला.’ वहिनींनी पुढच्या गाडीचं तिकीट काढलं. एकच.

त्याच्या आयुष्यातली मोठी आपत्ती १० डिसेंबर २०१९ ला आली. बर्मिंगहॅम, ग्राट्‌झ आणि ल्युव्हेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला जाहीर केला. त्यांची युक्ती उणेकरचीच होती: तेच १५० क्रमांकाचं रजिस्टर, तेच उणे आकडे. फक्त जिथे उणेकर ‘सापडली’ म्हणून थांबतो, तिथून त्यांनी पुढे काम सुरू केलं. व्होल्टेज नेमकं इतकं उतरवायचं की प्रोसेसर बंद न पडता एखादा गुणाकार चुकीचा करील, आणि त्या चुकीवरून इंटेलच्या एसजीएक्स नावाच्या तिजोरीतली किल्ली काढून घ्यायची. इंटेलने इलाज काढला, आणि लॅपटॉप बनवणाऱ्यांनी बायोसची नवी आवृत्ती देऊन ती वाटच बंद करायला सुरुवात केली.

‘मी कधी एसजीएक्स वापरलंय?’ उणेकर जिन्यात भेटेल त्याला विचारत होता. ‘माझ्या घरात गुपित आहे काय?’ या प्रश्नाला जिन्यात उत्तर देता येत नाही. पण पगाराचा खरा आकडा वहिनींना अजून ठाऊक नाही, असं बी विंगचं मत आहे.

त्याने बायोस अद्ययावत न करण्याची शपथ घेतली. मग २०२० मध्ये खुद्द लिनक्सने तोंड फिरवलं. ५.९ आवृत्तीपासून अशा रजिस्टरात बाहेरून कोणी लिहिलं की कर्नल नोंदवहीत तक्रार करतो आणि स्वतःवर ‘टेंटेड’ असा शिक्का मारून घेतो. सरळ मराठीत, कर्नल बाटला. सुरू करतानाच ‘लिहू द्या’ अशी सूचना दिली की तक्रार बंद होते. उणेकरने ती दिली, पण दुखावला. विंडोजकडून त्याची अपेक्षाच नव्हती. हा घरचा होता.

शेवटचा घाव चिरंजीवांनी घातला. दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलवरून आलेल्या मुलाने बाबांच्या लॅपटॉपवर कोपऱ्यात ‘फर्मवेअर अपडेट उपलब्ध’ अशी चिठ्ठी पाहिली आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, न सांगता घरातलं एक काम करून टाकलं. संध्याकाळी उणेकरने उणे ९० लिहिले, लागू केले आणि परत वाचले. उत्तर आलं शून्य. पुन्हा लिहिले. शून्य. पाचही ओळींपुढे शून्य पूर्णांक शून्य शून्य. जुन्या बायोसवर परत जायची वाट त्या यंत्राला नव्हती. उणेकर चार दिवस कोणाशी बोलला नाही. लॅपटॉप मात्र त्या चार दिवसांत एकदाही बंद पडला नाही, आणि आईंनी बुवांचं अर्धवट राहिलेलं आख्यान पूर्ण ऐकलं. घरात ही गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही, हा त्या घराचा मोठेपणा.

पाचव्या दिवशी तो मला घेऊन बुधवार पेठेत गेला. पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची दाटी आहे, त्यातल्या एका बोळात जुने लॅपटॉप विकणारा एक गृहस्थ बसतो. त्याने रिवाजाप्रमाणे सुरुवात केली: एसएसडी आहे, रॅम वाढवलेली आहे, बॅटरी तीन तास, बिजागरी घट्ट.

‘बायोस कधीचं?’

‘साहेब, कीबोर्डला लाइट आहे.’

‘बायोसची तारीख दाखवा.’

एकामागून एक सहा यंत्रं सुरू झाली. सातव्याच्या झाकणावर मोठा ओरखडा होता आणि एका बटणावरचं अक्षर पुसलेलं होतं. बायोस निघालं ऑगस्ट २०१८ चं. उणेकरने माझं मनगट इतकं दाबलं की घड्याळाचा पट्टा रुतला. चेहरा मात्र कोरा ठेवून त्याने किंमत विचारली.

‘अठरा हजार.’

आपण असतो तर थेट बारा म्हणालो असतो. उणेकर म्हणाला, ‘सतरा आठशे.’

दुकानदार थोडा चकितच झाला. ‘चालेल,’ म्हणाला आणि पिशवी काढायला वळला.

‘सतरा सहाशे.’

‘अहो, आता तर... बरं, द्या.’

‘सतरा चारशे.’

मी त्याची बाही ओढली. तो एक एक होकार घेत, प्रत्येक होकारानंतर दोनशे कमी करत, शांतपणे खाली उतरत होता. सोळा आठशेला दुकानदाराने कपाळावरचा घाम पुसला. सोळाला खुर्चीवर बसला. पंधरा सहाशेला त्याने एक मोठा सुस्कारा सोडून मान हलवली, आणि पंधरा चारशेला त्याने बोलणंच थांबवलं. फोन काढला आणि काहीतरी बघत बसला.

‘हँग झाला,’ उणेकर माझ्या कानाशी कुजबुजला. डोळे चमकत होते. ‘सापडली. आता दोनशे परत द्यायचे.’ आणि मग मोठ्याने, ‘बरं, पंधरा सहाशे. काढा पिशवी.’

दुकानदाराने फोनवरून नजर न उचलता सांगितलं, ‘एकोणीस.’